आमेनबाब

देव सर्वत्र असतो, असं आम्हाला दोतोर्नीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात शिकवलं होतं. ते पटायला आमेनबाबला पाहावं लागलं. वेंगुर्ल्याच्या आमच्या इगर्जीत रविवारी सकाळी कुठल्याही दाराने आत शिरा, समोर आमेनबाब. पंखे लावणारा आमेनबाब, माईकवर टिचक्या मारत ‘हालेलुया, हालेलुया, वन टू’ म्हणणारा आमेनबाब, फळ्यावर गीतांचे आकडे लिहिणारा आमेनबाब. आणि हे सगळं चुकवून बाजूच्या दाराने आंब्याखाली सटकावं म्हटलं, तर त्या दाराच्या चौकटीत हात पसरून उभा असलेलाही आमेनबाबच.

त्याचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत असणार. गावात ते कोणी वापरत नाही. आमच्याकडे मिस्सा कधी कोकणीत होते, कधी मराठीत, आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी आले की इंग्रजीतही. फादर कुठल्या भाषेत सुरुवात करणार याचा भरवसा नसल्यामुळे आम्ही बाकीचे उत्तर देण्यापूर्वी क्षणभर अंदाज घेतो. तेवढ्या क्षणात आमेनबाबचं उत्तर देऊन झालेलं असतं. फादरांचं वाक्य ‘युगानु’पर्यंत पोचतं; उरलेली युगं आमेनबाब ताब्यात घेतो आणि असा ‘आमेन’ ठोकतो की माळ्यावरची कबुतरं एकदम उडतात. कबुतरांना अजून सवय झालेली नाही. फादरांना झाली आहे.

असा माणूस प्रत्येक गावात एक असतोच. देवळात असला तर आरतीचं तबक कोणाकडे द्यायचं ते तो ठरवतो. भजनात असला तर बुवांच्या आधी सम गाठतो. दशावताराला असला तर राजाला वाक्य आठवेना की खालून पुरवतो, आणि आठवत असलं तरी पुरवतो. आमच्यावाल्याचं वेगळेपण एवढंच, की त्याच्या खिशात व्हॅटिकनचा कागद आहे.

त्याची हयात एसटीत गेली. वेंगुर्ले–सावंतवाडी, वेंगुर्ले–शिरोडा, वेंगुर्ले–कुडाळ. रस्त्यातले खड्डे त्याला पाठ आणि प्रवासी खड्ड्यांहून पाठ. निवृत्त झाल्यावर त्याने फक्त गाडी बदलली. आमच्या पुरुषमंडळींची एक जुनी रीत होती. मिस्सा ऐकायची ती उंबऱ्यावरून, आणि शेर्मांव, म्हणजे फादरांचं प्रवचन, सुरू झाला की आंब्याच्या सावलीत सरकून पावसाचं, काजूच्या दराचं आणि दुसऱ्याच्या जमिनीच्या हद्दीचं बोलून घ्यायचं. ही रीत आमेनबाबने एका पावसाळ्यात मोडून काढली. ‘‘चला, फुडे चला! फुडे जागा असा! दारात उभ्यान ऱ्हवा नको!’’ माणसं सवयीने पुढे सरकली. एकाने तर सवयीने खिशात सुटे पैसेही चाचपले.

प्रवेशगीत चालू असताना तो मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहतो आणि ओठ हलवत डोकी मोजतो. हिशेब जुळला की मान हलवतो. फादर वेदीपाशी क्रुसाची खूण करतात हे खरं, पण गाडी सुटते ती त्या मानेवर.

आता त्या कागदाबद्दल. धर्मप्रांताच्या एका शिबिराला तो सावंतवाडीला गेला होता. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली पुण्यापासून वेगळा झाला, त्याचं पीठ सावंतवाडीला आहे. त्यामुळे पूर्वी पुण्याहून येणारी शहाणपणं आता तासाभराच्या अंतरावर मिळतात. शिबिरात उपासनाविधीवरची एक पुस्तिका वाटली. ती वाचून पुष्कळांनी घरी ठेवली. आमेनबाबने ती जिथे पूर्वी प्रवाशांचे सुटे पैसे असायचे त्या छातीच्या खिशात ठेवली, आणि तेव्हापासून तो अंगात आल्यासारखा वागतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ ला उपासनाविधीचा दस्तऐवज मंजूर केला, हे आमच्यातल्या पुष्कळांना त्याच्यामुळे कळलं. बाजूने २१४७ मतं, विरोधात ४. त्यातलं चौदावं कलम त्याला तोंडपाठ. श्रद्धावंतांनी उपासनेत पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय भाग घ्यावा, तो त्यांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असा त्याचा आशय. अठ्ठेचाळिसावंही पाठ; तिथे म्हटलं आहे की लोकांनी परक्यासारखं, मुकाट प्रेक्षकासारखं बसू नये. ‘‘आनी ह्यां काय आजचा नाय,’’ तो बोट वर करून सांगतो. ‘‘१९०३ सालात दहाव्या पियूस पापासायबान ह्यांच सांगल्यान. साठ वर्सां लागली मंजूर होवक. आमच्या बायपासासारख्याच.’’ विरोधातल्या चार मतांवर त्याचा विशेष राग. एकदा मिस्सानंतर सगळ्यांदेखत म्हणाला, ‘‘ते चौघे माका म्हाईत असत. शेवटच्या बाकार बसतत.’’

शेवटच्या बाकावर आम्ही त्या दिवशी चौघेच होतो.

त्याच्या या उत्साहाचं मूळ मला बरंच उशिरा कळलं, आणि कळल्यापासून त्याच्यावर नीट चिडता येत नाही. आमेनबाब त्या पिढीतला, ज्या पिढीने लहानपणी लॅटिन मिस्सा पाहिली. फादरांची पाठ लोकांकडे, तोंड वेदीकडे, भाषा रोमची. बायका खाली बसून तेर्स, म्हणजे जपमाळ, ओढायच्या, पुरुष उंबऱ्यावर, आणि मधूनच घंटी वाजली की सगळे माना खाली घालायचे. आमच्यापैकी कोणालाही लॅटिन येत नव्हतं. फादरांना उत्तर मात्र द्यावंच लागे, आणि ते अख्ख्या गावाच्या वतीने वेदीच्या पायरीवर गुडघे टेकलेला एक पोरगा देत असे. अर्थ न कळता, घोकून, खणखणीत आवाजात. आठ वर्षांचा तो पोरगा म्हणजे आमेनबाब. पुढे परिषद झाली, वेदी फिरली, भाषा बदलली, आणि जे काम एकट्या पोराचं होतं ते सगळ्या गावाला वाटून देण्यात आलं. पोराने ते सोडलं नाही. गावानेही, खरं सांगायचं तर, अजून पुरतं उचललेलं नाही.

पूर्वीचे लोक मुके होते, हे त्याचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. मे महिन्यात वाडीवाडीतल्या क्रुसापुढे लदाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते. त्या लदाईनीत तीच बाईमाणसं, तेच उंबऱ्यावरचे पुरुष, फिडलच्या सुरावर लॅटिनमध्ये ‘ओरा प्रो नोबीस’ अशी ताणत की समुद्रावरच्या होडीत ऐकू जावी. अर्थ तेव्हाही कळत नव्हता. पण क्रूस आपल्या वाडीचा, आजारातून उठलेलं पोर आपलं, आणि शेवटी खोबऱ्याचे तुकडे घातलेले उकडे चणे आपल्या ओंजळीत. मोठ्यांना चण्यांच्या जोडीला थोडी फेणी. याला सहभाग म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? त्याच्याही आधी, १६१६ साली गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, मराठीत, ओवीत, कारण नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकल्याशिवाय चैन पडत नव्हतं. लॅटिनची मिस्सा देवासाठी आणि मराठीतलं पुराण माणसांसाठी, अशी वाटणी या किनाऱ्याने स्वतःच करून घेतली होती. आमेनबाबला हे सांगितलं तेव्हा त्याने पुस्तिका उघडून विचारलं, ‘‘खंयच्या कलमात असा?’’

मोंतीच्या फेस्ताला, आठ सप्टेंबरला, नव्या भाताची कणसं आशीर्वादाला येतात तेव्हा तो अंगणभर दिसतो. पण त्याचं खरं कर्तृत्व अर्पणाच्या मिरवणुकीत. भाकर आणि द्राक्षरस वेदीपर्यंत नेणं एवढंच मूळ काम. आमेनबाबच्या हाती पडल्यापासून ती मिरवणूक म्हणजे तालुक्याचं कृषी प्रदर्शन झाली आहे. शहाळी, केळ्यांचे घड, कोकमं, फळसंशोधन केंद्राच्या ‘वेंगुर्ला ४’ जातीच्या कलमाची काजूची बोंडं, मिठाची पुडी (‘‘शिरोड्याचा असा, सत्याग्रहाचा!’’), आणि प्रत्येक वस्तू नेणारा माणूस वेगळा. ‘‘हात जितके जास्ती तितको सहभाग जास्ती,’’ हा त्याचा हिशेब. एका फेस्ताला त्याने जिवंत कोंबडा आणवला, नंतर लिलावात घालायला. कोंबडा वेदीपाशी पोचेपर्यंत साळसूद होता. फादरांनी हात वर केले आणि तो आरवला. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा आरवला तेव्हा अख्खी इगर्ज संत पेत्राच्या आठवणीने फादरांकडे बघू लागली, आणि फादर आमेनबाबकडे. तो शांतपणे म्हणाला, ‘‘तेनाय भाग घेतल्यान.’’

शांतीच्या अभिवादनाची दुसरी तऱ्हा. आपल्याकडे शेजाऱ्याला हात जोडायचे आणि संपलं. आमेनबाब पहिल्या बाकापासून सुरू करतो आणि एकही प्रवासी सुटू देत नाही. तो आमच्या बाकापर्यंत येतो तेव्हा वर फादरांची भाकर मोडून झालेली असते. शेजारच्या भावकीतल्या दोघांची जमिनीवरून तीन पिढ्यांची केस. त्यांच्यामध्ये तो उभा राहतो आणि दोघांचे हात जोडलेले दिसल्याशिवाय हलत नाही. दोघे हात जोडतात ते एकमेकांना नसून त्याला असतात, असा माझा कयास आहे.

मे महिन्यात मुंबईची पोरं गिटार घेऊन येतात आणि आमच्या गायनवृंदाला आठवडाभर पाहुणे करून टाकतात. आमेनबाब त्यांना आडवा येत नाही. त्यांची इंग्रजी गाणी तो पहिल्या ओळीपासून म्हणतो. शब्द येत नाहीत, चाल येत नाही, पण आवाज असा की गिटारवाल्या पोरांना शेवटी त्याच्या तालावर यावं लागतं. कडवं संपलं तरी तो थांबत नाही. हॉर्न दिल्याशिवाय वळण घ्यायचं नाही, तसं काहीतरी.

२०२० च्या मार्चात इगर्जीला कुलूप लागलं. मिस्सा मोबाइलवर आली. आमेनबाबच्या वाडीत रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी. त्याने कठड्यावर पांढरा कपडा पसरला, मेणबत्ती लावली, मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला आणि बायकोसह सगळ्या मिस्सा तिथे ऐकल्या. उभं राहायचं तिथे उभा, बसायचं तिथे बसलेला, आणि प्रत्येक ‘आमेन’ पडद्यातल्या फादरांना ऐकू जाईल अशा बेताने. त्या वर्षी ईस्टर बारा एप्रिलला होता. नेमकी फादरांनी ओस्ती, म्हणजे अर्पणाची भाकर, उंच धरलेली असताना रेंज गेली. पडद्यावर फादर हात वर करून थिजले. बायको म्हणाली, उठा, गुडघे दुखतील. आमेनबाब उठला नाही. बोललाही नाही. कावळा येऊन कठड्यावर बसला, मेणबत्ती विझली, पलीकडच्या घरातून कोणीतरी हाक मारली. तो मान खाली घालून तसाच. बऱ्याच वेळाने रेंज आली, फादरांचे हात खाली आले, तेव्हा हा उठला. नंतर मी विचारलं तर म्हणाला, ‘‘फादर हात वर धरून ऱ्हवलो. मी कसो उठान?’’

त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली मिस्सा तीच झाली असावी, असं माझं मत आहे. त्याला ते पटत नाही. ‘‘कसली चांगली? वाचक नाय, मिरवणूक नाय, कलेक्शन नाय.’’

एरवीच्या मिस्साचं काय होतं, ते त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, मला सांगितलं. म्हणजे ही त्यांची बाजू झाली. वहिनी तापाने घरी होत्या. आमेनबाब इगर्जीतून आला, ताटावर बसला, शागोतीत सान्नं बुडवलं, आणि आजची मिस्सा एकदम बेस झाली म्हणून सांगू लागला. पाण्याचा मग कोणी नेला, गीत कोणी उचललं, कोणता पंखा कुरकुरला.

‘‘आज वाचन कित्याचा होता?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘दुसरा वाचन म्या केलंय.’’

‘‘तां म्हाईत असा. होता काय तेच्यात?’’

‘‘पावलाचा होता.’’

‘‘काय केल्यान पावलान?’’

‘‘पत्र लिवल्यान.’’

‘‘काय लिवल्यान पत्रात?’’

आमेनबाबने दुसरं सान्नं घेतलं. ‘‘माईक मदीच शिट्टी मारी होतो गो.’’

‘‘आनी फादर शेर्मावात काय बोल्ले?’’

‘‘सोळा मिंटा बोल्ले.’’

यावर हसणाऱ्यांत मी पहिला होतो. पण मग तो एकदा महिनाभर वसईला मुलीकडे गेला. तिथली मराठी मिस्सा पाहून तो हरखून परत आला (‘‘थंय आख्खी इगर्ज गाता, माका कोण इचारीना!’’), ती गोष्ट वेगळी. तो नव्हता त्या रविवारी आमच्याकडे काय झालं ते सांगतो. माईक लागेना. फळ्यावर आकडे मागच्या आठवड्याचे. फादर वेदीपाशी आले, त्यांनी स्वतः गीत उचललं आणि पहिल्या कडव्याच्या शेवटापर्यंत एकटे गेले. वाचनाची वेळ आली तेव्हा पहिल्या बाकाने दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि ती नजर अशी मागे मागे येत भिंतीला लागून परतली. प्रभूने आमची प्रार्थना ऐकावी ही विनंती आम्ही अशा आवाजात केली की ती प्रभूने ऐकू नये अशीच आमची इच्छा असावी. पुरुष आंब्याखाली गेले. मीही गेलो. काजूचा दर उतरला होता.

पुढे आमच्याकडे नवे फादर आले. तरुण, हसरे, अंगाने किडकिडीत. पहिल्याच रविवारी त्यांचं ‘युगानु’ चोरीला गेलं. दुसऱ्या रविवारी अर्पणात फणस आला. तिसऱ्या रविवारी त्यांनी आमेनबाबला चहाला बोलावलं आणि त्याचीच पुस्तिका मागितली. आम्ही दोघेतिघे निमित्त काढून व्हरांड्यात होतोच.

फादरांनी अठ्ठाविसावं कलम उघडलं. उपासनेत ज्याचं जे काम त्याने ते पूर्ण करावं, आणि तेवढंच करावं. आमेनबाबने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ‘तेवढंच’वर बोट ठेवून म्हणाला, ‘‘ह्यां छापण्यात चुकला आसतला.’’ फादरांनी सांगितलं, चुकलेलं नाही. रोमने २००४ साली तर आणखी स्पष्ट केलंय: सगळ्यांनी भाग घ्यायचा म्हणजे सगळ्यांच्या हातात काहीतरी काम दिलंच पाहिजे असं नाही. आमेनबाबचा चेहरा डेपोत उभ्या केलेल्या गाडीसारखा झाला. मग फादरांनी तिसावं कलम काढलं. लोकांची उत्तरं, स्तोत्रं, गीतं, हावभाव, बसणं-उठणं, सगळी यादी तिथे आहे. ही यादी आमेनबाबला पाठ होती. यादीनंतरचं शेवटचं वाक्य मात्र त्याने कधी म्हटलेलं आम्हाला आठवत नव्हतं. योग्य वेळी सर्वांनी आदराने मौनही पाळावं.

‘‘हाय कलमात?’’ आमेनबाबने विचारलं.

‘‘कलमातच आहे,’’ फादर म्हणाले. ‘‘हासुद्धा सहभागच. कम्युनियननंतर आपण दोन मिनिटं पाळू या. आपल्याकडे ते कधी झालंच नाही.’’

आमेनबाब बराच वेळ गप्प बसला. व्हरांड्यात आम्ही एकमेकांकडे पाहिलं; फादरांनी बाजी मारली असं आम्हाला वाटलं. माणूस तरुण, त्याला अनुभव कमी.

पुढच्या रविवारी कम्युनियन झालं, फादर जाऊन बसले, इगर्जीत शांतता पसरू लागली, आणि आमेनबाब माईकपाशी आला. ‘‘आता मौन!’’ तो गरजला. ‘‘कलम तीस! सगळ्यांनी भाग घेवचो! मागच्या बाकान खास करून!’’ कबुतरं उडाली. त्याने घड्याळ काढलं, अर्ध्या मिनिटाला बोट वर केलं, एका मिनिटाला दोन बोटं, एक पोर रडलं तर त्याच्या आईला दाराकडे खुणावलं, एकजण खोकला तर त्याच्याकडे चेकर जसा बिनतिकिट्याकडे पाहतो तसं पाहिलं, आणि वेळ संपताच ‘‘आमेन! बेस झाला!’’ म्हणून माईक बंद केला.

आता त्याने शांततेसाठी एक समिती केली आहे. प्रत्येक वाडीचा एक प्रतिनिधी, उभ्यादांड्याचे दोन. परवा ग्रुपवर मेसेज आला: ‘शनिवारी सायंकाळी पाच वाजता मौनाची प्रॅक्टिस. सर्वांनी वेळेवर यावे. गेल्या रविवारी डावीकडच्या बाकांचे मौन कमी पडले.’